वेगाची हौस आणि वळणाची परीक्षा

मोटार कोणती चांगली, या वादाला नवीन जालन्यात कधी तोटा पडत नाही. कुंडलिका नदीने जुन्या जालन्यापासून वेगळ्या केलेल्या या व्यापारी पेठेत एके काळी सरकीचे भाव, सळईचे दर आणि बियाण्यांची उचल हेच संध्याकाळच्या गप्पांचे विषय असत. आता त्या जोडीला छोट्या, चपळ मोटारींचा विषय येऊन बसला आहे. टायरच्या दुकानासमोर, पेट्रोलपंपावर, लग्नाच्या मांडवाबाहेर, जेथे चार मोटारमालक एकत्र येतात तेथे दोन तट पडतात. एक तट 'पिकअप'वाल्यांचा. थांबलेली गाडी शंभराच्या वेगाला किती सेकंदांत पोहोचते, हे त्यांचे एकमेव माप. दुसरा तट 'पकड'वाल्यांचा. गाडी रस्ता धरून चालते की नाही, वळणावर लोळते की खिळून राहते, स्टिअरिंगमधून रस्त्याची खबर हाताला मिळते की नाही, यावर त्यांचा निवाडा अवलंबून. मध्येच कोणीतरी वडीलधारे 'ॲव्हरेज किती देते?' असा प्रश्न टाकतात आणि दोन्ही तट क्षणभर निरुत्तर होतात.

हा वाद म्हणजे हौशी लोकांची चैन, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. ते योग्य मात्र होणार नाही. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेल्यापासून या वादाला जीवनमरणाचा संदर्भ प्राप्त झाला आहे, आणि वाद घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच त्याची जाणीव दिसते.

प्रथम पिकअपवाल्यांची बाजू. त्यांच्या हाती आकडे आहेत आणि आकड्यांना व्यापारी गावात मोठे वजन असते. २०१३ साली चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन कंपनीची पोलो जीटी टीएसआय ही मोटार बाहेर पडली, तेव्हा तिचे केवळ १.२ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती देत असे. त्याच पोलोची साधी पेट्रोल आवृत्ती पंचाहत्तरच्या आसपास होती. किंमत आठ लाखांच्या आत, शंभराचा वेग दहा सेकंदांच्या आत. ही किमया टर्बोचार्जरची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, ते ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करू लागते. शिवाय हा जोर इंजिन किंचाळण्याची वाट पाहत नाही, मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या सुमारासच हाती येतो. ट्रकच्या मागे अडकलेल्या चालकाला ओव्हरटेक करताना या जोराचे महत्त्व काय, हे अंबड किंवा मंठ्याच्या दुपदरी रस्त्यावर ज्याने मोटार हाकली आहे त्याला सांगावे लागत नाही. उलट बाजूला घालवलेला वेळ जितका कमी तितका धोका कमी. तेव्हा पिकअप ही निव्वळ मिजास आहे, हा पकडवाल्यांचा आरोप पूर्णांशाने खरा नाही.

पकडवाल्यांची अडचण अशी की त्यांच्या मालाला आकडा नाही. गाडीची पकड ही अनेक गोष्टींच्या मेळातून जन्मते. स्प्रिंग किती ताठ, शॉक ॲब्सॉर्बर किती तत्पर, वजन पुढे किती आणि मागे किती, गाडीची उंची किती, आणि या साऱ्यांहून महत्त्वाचे म्हणजे टायर कसे. मोटार एक टनाची असो वा दोन टनांची, तिचा जमिनीशी असलेला संबंध चार तळहातांएवढ्या रबराचा आहे. वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे तेवढ्याच रबराने करावयाची असतात. वळणावर असतानाच जो जोरात ब्रेक दाबतो तो त्या रबराकडून एकाच वेळी दोन कामांची अपेक्षा करतो, आणि रबर त्यांपैकी एक सोडून देते. पुढची चाके सुटली तर मोटार वळण सोडून सरळ बाहेर जाऊ लागते. मागची सुटली तर शेपूट फिरते. छोट्या मोटारींत इंजिनही पुढे आणि ओढणारी चाकेही पुढेच, त्यामुळे बहुतेकदा पहिला प्रकार घडतो. कसबी अभियंता हे सुटणे हळूहळू, आगाऊ सूचना देऊन घडेल अशी गाडी बांधतो. आपण मर्यादेजवळ आलो आहोत हे चालकाला ज्या गाडीत वेळेवर कळते ती चांगल्या पकडीची. ज्या गाडीत ते अपघात झाल्यावर कळते तिची अश्वशक्ती कितीही असली तरी उपयोग नाही.

जालन्याच्या पोलाद-व्यवसायातील मंडळींना हे समजावणे खरे म्हणजे अवघड नसावे. येथील भट्ट्यांतून निघणाऱ्या सळईवर 'एफई ५००' असा आकडा असतो. तो तिच्या ताकदीचा. पण त्याच आकड्यापुढे 'डी' हे अक्षर असलेली सळई निराळी मानली जाते, कारण ते अक्षर लवचिकतेचे आहे. भारतीय मानकानुसार साध्या 'एफई ५००' सळईने तुटण्यापूर्वी किमान १२ टक्के ताणले जावे लागते, तर 'डी' सळईने १६ टक्के. भूकंपात इमारत उभी राहते ती बरीचशी या अक्षराच्या पुण्याईने, नुसत्या पाचशेच्या आकड्याने राहत नाही. सळई खरेदी करताना हे अक्षर बारकाईने पाहणारा गृहस्थ मोटार खरेदी करताना मात्र अश्वशक्तीचा आकडा पाहून सही करतो, ही गंमत आहे.

या वादाचा इतिहास जुना आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनत असे, पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. तेव्हाही अँबॅसिडर जड पण भारदस्त, फियाट हलकी पण चलाख, असे दोन पंथ होतेच. फरक एवढाच की त्या काळी निवड करणाऱ्याला वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत उभे राहावे लागे, त्यामुळे वाद घालण्यास वेळ मुबलक होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हलक्या मोटारीची गोडी देशाला लागली. १९९३ च्या झेनने त्या हलकेपणाला वळणावरच्या चपळाईची जोड दिली. तिचे चाहते अजूनही तिचे नाव काढताच हळवे होतात. २००१ साली आलेल्या फियाट पॅलिओच्या १.६ लिटरच्या आवृत्तीने शंभर अश्वशक्ती आणि पक्की पकड दोन्ही एकाच गाडीत देऊ केली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. तरीही ती गाडी पेट्रोल फार पिते म्हणून बदनाम झाली आणि बाजारात टिकली नाही. गुणी वस्तू ॲव्हरेजच्या एका प्रश्नावर पडते, हे मराठी ग्राहकाच्या स्वभावाला धरूनच झाले. पुढे २०१५ साली रांजणगावहून १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो निघाली. तिचे भक्त आजही मूठभर, पण कडवे आहेत.

मग छोट्या मोटारीतच एवढी ताकद कोंबण्याचा हा सोस कोठून आला? त्याचे उत्तर अभियंत्यांकडे जितके आहे तितकेच दिल्लीच्या अर्थखात्याकडे आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांबीच्या, पेट्रोलचे १२०० घनसेंटिमीटर किंवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटर इंजिन असलेल्या मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्या दिवसापासून चार मीटरची रेषा ही भारतीय मोटारीची लक्ष्मणरेषा झाली. पोलोची लांबी ३९७१ मिलिमीटर होती आणि तिच्या जीटी आवृत्तीचे इंजिन बाराशेच्या मर्यादेत बसणारे होते, हा योगायोग नव्हे. वस्तू व सेवा करातही हीच मापे टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापांत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के आणि मोठ्या मोटारींवर ४० टक्के कर लागतो. परदेशांत ज्या जातीच्या मोटारीला दोन लिटरचे इंजिन असते तिला येथे कराच्या चौकटीत दुमडून बसवावे लागते. जी दुमडत नाही तिचे काय होते, हे पाहावयाचे असल्यास २०२५ मध्ये आयात होऊन आलेल्या गोल्फ जीटीआयकडे पाहावे. किंमत सुमारे ५३ लाख रुपये! दरम्यान पोलो स्वतः बारा वर्षांच्या कारकिर्दीनंतर २०२२ साली बंद झाली. तिच्या जीटी आवृत्त्या आता जुन्या बाजारात शोधल्या जातात आणि 'एमएच २१' पाटीच्या एखाद्या सुस्थितीतील गाडीसाठी गिऱ्हाईक परगावाहून येते. त्या गादीवर हक्क सांगणाऱ्या १२० अश्वशक्तीच्या गाड्या, २०२१ ची ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि २०२४ ची टाटा अल्ट्रोझ रेसर, येऊन गेल्या तरी जुने पोलोवाले आपला हट्ट सोडत नाहीत.

मराठवाड्याच्या संपन्न वर्गाची मोटारीची हौस काही नवी नाही. २०१० च्या ऑक्टोबरात शेजारच्या औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) दीडशे मर्सिडीज गाड्या एकगठ्ठा खरेदी झाल्या, तेव्हा सारा देश थक्क झाला होता. ६५ कोटींचा तो सौदा होता. शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी त्याहून कितीतरी चढ्या व्याजाने कर्ज घ्यावे लागत असताना त्या गाड्यांना स्वस्त कर्ज मिळाले, ही टीकाही तेव्हाच झाली आणि ती रास्त होती. जालन्याहून संभाजीनगरला जाताना वाटेत शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना लागतो. २००१ पासून तेथे ऑक्टाव्हिया जुळवली जाऊ लागली आणि या पट्ट्यातील लोकांनी जड दाराचा आवाज, पक्के स्टिअरिंग या गोष्टी प्रथम तेथूनच ओळखल्या. परंतु आजचा छोट्या चपळ मोटारीचा मालक हा त्या मर्सिडीजवाल्यांच्या वर्गातला नाही. तो पंचविशी-तिशीतला, हप्त्यावर गाडी घेतलेला, वडिलांच्या दुकानात बसणारा किंवा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा तरुण आहे. तो स्वतः गाडी चालवतो, ड्रायव्हर ठेवत नाही. धोका घेणारा आणि धोका भोगणारा येथे एकच आहे.

आणि याच तरुणाच्या हाती २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्ग आला. ११ डिसेंबरला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा तुकडा पूर्ण होऊन ७०१ किलोमीटरचा सहापदरी रस्ता सलग झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जालन्यातून बाहेर पडून महामार्गाला लागले की पिकअपवाल्यांच्या तटाला स्वर्ग दोन बोटे उरतो. वळणे इतकी सौम्य की पकडीची परीक्षाच होत नाही. साधारण गाडीही तेथे उत्तम वाटते. धोका नेमका या भासात आहे. सरळ रस्ता गाडीचे दोष झाकून ठेवतो आणि ते एका क्षणात, सर्वांत वाईट वेळी उघड करतो: पुढे थांबलेला ट्रक दिसतो, रानडुक्कर आडवे येते, टायर फुटतो.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर थांबण्यास आणखी सुमारे ८० मीटर लागतात. एकूण १३० मीटर. ताशी ८० च्या वेगाला हेच अंतर ७० मीटरच्या आत येते. वेग दीडपट झाला, अंतर जवळजवळ दुप्पट झाले, आणि धडकेतील ऊर्जा सव्वादोन पट झाली. या गणितात अश्वशक्तीला कोठेही जागा नाही. ब्रेक, टायर आणि ऐनवेळी लेन बदलताना गाडी सावरण्याची क्षमता, म्हणजे पकडवाल्यांचा सारा पक्ष, मात्र जागोजागी आहे. शंभर गाठण्यास लागणाऱ्या सेकंदांवर तास-तास बोलणारे लोक शंभरावरून शून्यावर येण्यास लागणाऱ्या मीटरांविषयी एक वाक्यही बोलत नाहीत.

पकडवाल्यांनी मात्र यावरून विजयाचा आव आणू नये. त्यांच्या पक्षाचा स्वतःचा एक दोष आहे. गाडी रस्ता धरून चालते, या विश्वासापोटीच ते वळणावर इतरांपेक्षा वेगाने शिरतात. उत्तम पकड ही बचत आहे. संकटासाठी राखून ठेवलेली ही बचत रोजच्या खर्चात उडवली, तर संकटाच्या वेळी हाती काही उरत नाही. दोन्ही पक्षांत सर्रास आढळणारी आणखी एक खोड म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे 'रीमॅप' करून, पंचवीस-तीस अश्वशक्ती वाढवून घेणे. ब्रेक तेच, टायर तेच, विम्याची कागदपत्रे तीच. मूळ अभियंत्यांनी महिनोन्‌महिने चाचण्या घेऊन जमवलेला मेळ एका दुपारीत मोडला जातो.

गाडीचा सांगाडा हा या चर्चेतील आणखी एक उपेक्षित विषय. २०१४ च्या आरंभी ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच लोकप्रिय छोट्या मोटारी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने धडकवून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत एअरबॅग नसलेली पोलोही होती. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच परीक्षेत चार तारे मिळाले आणि कंपनीने एअरबॅगविना गाडी विकणे थांबवले. जी गोष्ट कायद्याने व्हावयास हवी होती ती बाहेरच्या संस्थेच्या धडकेने झाली. एबीएस ब्रेक सर्व नव्या मोटारींना २०१९ पर्यंत आणि पुढील दोन्ही आसनांना एअरबॅग २०२१ च्या अखेरीपर्यंत सक्तीच्या झाल्या. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही देशी परीक्षाही सुरू झाली. चाक घसरू लागताच आपोआप एकेक चाकाला ब्रेक लावून गाडी सावरणारी जी यंत्रणा आहे, तिच्याविना त्या परीक्षेत तीन किंवा अधिक तारे मिळत नाहीत. हे उत्तम झाले. पण ही यंत्रणा बटण दाबून बंद करण्यात पुरुषार्थ मानणारे वीर नवीन जालन्यातही आहेत.

महामार्गावरच्या दुर्घटनांचा विचार केला की दोन्ही तटांचे युक्तिवाद एकाएकी क्षुल्लक वाटू लागतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे जालन्याच्या शेजारी सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. जून २०२४ च्या अखेरीस जालना तालुक्यातील कडवंचीजवळ उलट दिशेने आलेली मोटार समोरच्या मोटारीवर आदळून अनेकांचे बळी गेले. उलट दिशेने येणाऱ्यापुढे कोणते सस्पेन्शन टिकणार आहे? सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो जगातील उत्कृष्ट गणल्या जाणाऱ्या मोटारीत, मागच्या आसनावर, पट्टा न लावलेल्या स्थितीत. तरीही जालन्यात आजही मागच्या आसनाचा पट्टा बहुतेक गाड्यांत गादीखाली दडपलेला सापडेल.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. २०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत फिरवण्यात आल्या, अतिवेगाने आलेल्या चालकांना थांबवून समज देण्यात आली. पण अशा मोहिमा दुर्घटनेच्या बातमीबरोबर येतात आणि बातमीबरोबरच विरतात. दरवाजावर टायर तपासणे ही बारमाही व्यवस्था असली पाहिजे. परवान्याची परीक्षा तर आजही इंग्रजी आठचा आकडा आणि रिव्हर्स एवढ्यावर उभी आहे. १२० च्या वेगाने गाडी चालवण्याची मुभा ज्याला द्यावयाची, त्याला ८० च्या वेगावरून पूर्ण ब्रेक दाबून गाडी कशी थांबते, एबीएस लागल्यावर पायाखाली कंप कसा जाणवतो, ओल्या रस्त्यावर काय होते, हे एकदाही दाखवले जात नाही. वेगाची हौस असलेल्या तरुणाला हौस भागवण्यासाठी जागाही नाही. देशातील प्रमुख धावपट्ट्या चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडात. इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरची वेगवान पट्टी झाली, पण ती कंपन्यांच्या चाचण्यांसाठी. भट्ट्या आणि रोलिंग मिल उभारण्यासाठी भूखंड काढू शकणाऱ्या औद्योगिक वसाहतीला एखादे मोकळे डांबरी पटांगण, पाण्याचा टँकर आणि महिन्यातून दोन रविवार काढणे कठीण नाही. परिवहन कार्यालयाने प्रशिक्षक द्यावा, विक्रेत्यांनी खर्च उचलावा, आणि प्रत्येक नव्या मालकाने गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तेथे दोन तास घालवावेत. पिकअपवाले आणि पकडवाले यांनी आपला वाद त्या पटांगणावर, शंकू मांडून, घड्याळ लावून खुशाल मिटवावा.

तोपर्यंत एक काम प्रत्येक मालकाला घरच्या अंगणात करता येण्यासारखे आहे. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन टायर कोणत्या आठवड्यात बनला ते सांगतात, पुढचे दोन कोणत्या वर्षी. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. मराठवाड्याच्या उन्हात रबर लवकर कडक होते आणि नक्षी शाबूत दिसत असली तरी पकड गेलेली असते. जुन्या बाजारातून हौसेने आणलेल्या अनेक पोलोंच्या स्टेपनीवर अजून गाडीच्या जन्मसालाचेच आकडे आहेत.